कर्नल मॅथ्यू लायन : तुरुंगांतून निवडून आलेला लोकप्रतिनिधि

मोठ्या मनुष्यांचीं चरित्रें लिहितांना चरित्रकारांची एक खोड नेहमीं आढळून येते. ती ही कीं, ज्याचें चरित्र लिहावयाचें त्याला प्रथम सोवळें नेसवावयाचें, त्याच्या अंगचे डाग पुसून टाकावयाचे, आणि मग तो आरंभापासून अखेरपर्यंत निर्मळच होता असें वाचकांच्या गळीं उतरवावयाचें. या रीतीनें पूजेला मूर्ति मिळते, पण शिकण्याजोगें फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. ज्याच्या कुळाला मान नव्हता, ज्याच्या जिभेला लगाम नव्हता, ज्याच्या नांवावर लष्करी शिक्षेचा डाग होता, आणि ज्यानें भर सभागृहांत दुसऱ्या सभासदाच्या तोंडावर थुंकण्यापर्यंत मजल नेली, अशा एका मनुष्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव कर्नल मॅथ्यू लायन. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या आरंभींच्या काळांतला हा कायदेमंडळाचा सभासद व नागरी फौजेचा अधिकारी. तो निर्दोष होता म्हणून त्याचें चरित्र सांगावयाचें असें नव्हे; तर तो निर्दोष नसतांहि त्याच्या हक्कासाठीं सामान्य मतदार उभे राहिले, म्हणून तें सांगावयाचें.

लायनचा जन्म १७४९ सालच्या सुमारास आयर्लंडांत, डब्लिन शहरानजीकच्या विक्लो परगण्यांत झाला. डब्लिन येथें कांहीं काळ शाळेंत घालविल्यावर १७६३ सालीं तो छापखान्याचें काम शिकूं लागला, आणि एक-दोन वर्षांतच त्यानें अमेरिकेची वाट धरली. जहाजाचें भाडें पदरीं नव्हतें. तेव्हां त्या काळच्या चालीप्रमाणें त्यानें स्वतःची चाकरीच गहाण टाकली. ज्या उतारूला भाडें देतां येत नसे, त्याच्या चाकरीचा करार कप्तान पलीकडच्या बंदरांत कोणा धन्यास विकी, आणि कराराचीं वर्षें पुरीं होईपर्यंत तो उतारू त्या धन्याचा बांधील नोकर होऊन राही. न्यूयॉर्कला उतरलेल्या या पोराचा करार कनेक्टिकट प्रांतांतील वुडबरी गांवच्या एका व्यापाऱ्यानें घेतला. पुढें त्या व्यापाऱ्यानें तो लिचफील्ड येथील दुसऱ्या एका गृहस्थास दिला, आणि मोबदला म्हणून बैलांची एक जोडी घेतली. पुढें लायन मोठेपणास चढल्यावर त्याच्या शत्रूंनीं या बैलजोडीवरून त्याला जन्मभर हिणविलें. परंतु लायन असा विलक्षण कीं, त्यानें ती गोष्ट कधींहि लपविली नाहीं. उलट ज्या बैलांनीं आपणांस सोडविलें त्यांचीच शपथ घेण्याचा त्यानें परिपाठ ठेवला. ज्या गोष्टीची लाज वाटावी असें जग म्हणतें, तीच मनुष्यानें उघड्या तोंडानें सांगितली म्हणजे निंदकाच्या हातांतलें शस्त्र आपोआप बोथट होतें.

बांधीलकींतून मोकळा झाल्यावर कांहीं वर्षांनीं, म्हणजे १७७४ सालीं, लायन उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत जाऊन राहिला. आज ज्यास व्हर्मांट म्हणतात तो हा मुलूख. त्या वेळीं त्यावर न्यूयॉर्क व न्यू हॅम्पशायर या दोन्ही वसाहती आपापला हक्क सांगत होत्या, आणि जमीन कसणाऱ्या लोकांनीं आपल्या शेतांच्या रक्षणासाठीं हत्यारें उचललीं होतीं. ईथन ॲलन यांच्या नेतृत्वाखालीं जमलेल्या या लोकांस ग्रीन मौंटन बॉईज असें नांव पडलें होतें. लायननें आल्याबरोबर गांवकऱ्यांची एक तुकडी उभी केली. इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच, १७७५ सालच्या मे महिन्यांत टायकोंडेरोगाचा किल्ला घेणाऱ्या मंडळींत तो होता, आणि त्याच सालीं कॅनडावरील स्वारींत कर्नल वॉर्नर यांच्या पलटणींत त्यानें काम केलें.

पुढच्याच सालीं मात्र त्याच्या नांवाला डाग लागला. जेरिको नांवाच्या एका दूरच्या ठाण्यावर त्याची नेमणूक झाली होती. आपणांस देशासाठीं नव्हे, तर कांहीं जमीनदारांच्या पिकाची राखण करण्यासाठीं येथें आणून ठेविलें आहे, असा शिपायांचा ग्रह झाला व ते ठाणें सोडून निघाले. जनरल गेट्स यांच्या हुकमानें चौकशी होऊन तेथील अधिकाऱ्यांस बडतर्फ करण्यांत आलें. त्यांत लायनहि सांपडला. आपण शिपायांस थोपविण्याचा यत्न केला होता, असें त्याचें म्हणणें शेवटपर्यंत होतें. दुसऱ्याच वर्षीं त्याला वॉर्नर यांच्या पलटणींत पगार वांटणारा अधिकारी म्हणून परत घेण्यांत आलें, आणि पुढें व्हर्मांटच्या नागरी फौजेंत तो कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला. तरी शत्रूंनीं गोष्ट पसरविली कीं, भेकडपणाची शिक्षा म्हणून याच्या कमरेला लांकडी तरवार बांधून याची धिंड काढली होती. बैलजोडी व लांकडी तरवार हीं दोन हत्यारें त्याच्या विरोधकांनीं म्हातारपणापर्यंत त्याच्यावर चालविलीं.

आमच्या व्यापारी वाचकांस या मनुष्याचा उद्योग विशेष आवडेल. १७८३ सालीं त्यानें फेअर हेवन नांवाचें गांव वसविलें, आणि तेथील ओढ्याच्या पाण्यावर लांकूड कापण्याची गिरणी, धान्य दळण्याची गिरणी, लोखंडाचा कारखाना व कागदाची गिरणी अशीं कामें एकामागून एक सुरू केलीं. बॅसवुड नांवाच्या झाडाच्या सालीपासून कागद करण्याची युक्तीहि त्यानें चालविली. १७९३ सालीं त्यानें तेथें छापखाना घातला व त्यांतून शेतकऱ्यांसाठीं एक वर्तमानपत्र काढलें. लहानपणीं डब्लिनमध्यें टाइप जुळवावयास शिकलेला पोर चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या कागदावर स्वतःचें पत्र छापूं लागला. व्हर्मांटच्या कायदेमंडळांत तो १७७९ पासून १७९६ पर्यंत बहुतेक काळ बसला. प्रांताचे गव्हर्नर टॉमस चिटेंडन यांची कन्या ही त्याची दुसरी पत्नी. येथेंहि त्याचा हट्टी स्वभाव आड आलाच. शत्रुपक्षाच्या लोकांच्या जप्त मिळकतींचीं दप्तरें हवालीं करण्याचें नाकारल्यामुळें १७८५ सालीं त्याच्यावर प्रांताच्या कारभाऱ्यांकडून आरोप ठेवण्यांत आला. त्याला साधुपुरुष म्हणण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं.

अनेक वेळां पडल्यावर अखेर तो संयुक्त संस्थानांच्या काँग्रेस नांवाच्या कायदेमंडळावर निवडून आला व १७९७ सालीं फिलाडेल्फिया येथें प्रतिनिधिगृहांत जाऊन बसला. जॉन ॲडम्स नुकतेच अध्यक्ष झाले होते, व सत्ता फेडरलिस्ट नांवाच्या पक्षाच्या हातीं होती. बहुतेक सुखवस्तु व प्रतिष्ठित मंडळी या पक्षांत असत. लायन हा जेफर्सन यांच्या विरोधी पक्षाचा. अध्यक्षांच्या भाषणाला उत्तर देण्यासाठीं साऱ्या सभागृहानें मिरवणुकीनें त्यांच्या वाड्यावर जाण्याची जी चाल होती, ती राजदरबाराची नक्कल आहे असें मानून या नवख्या सभासदानें आपणांस तींतून वगळण्याची सूचना आणली. सभागृहांत हशा पिकला, आणि हा अडाणी आयरिश मनुष्य काय करील त्याचा नेम नाहीं, असें लोक बोलूं लागले.

१७९८ च्या जानेवारीच्या ३० तारखेस त्या बोलण्याला भलतेंच प्रत्यंतर आलें. कनेक्टिकटचे प्रतिनिधि आपल्या मतदारांच्या मनाविरुद्ध वागतात, असें लायन मोठ्यानें बोलत होता. तेव्हां त्याच प्रांताचे रॉजर ग्रिस्वोल्ड यांनीं लांकडी तरवारीचा उल्लेख करून त्याला डिवचलें. पहिल्या खेपेस त्यानें लक्ष दिलें नाहीं, म्हणून जवळ येऊन दंड धरून पुन्हां डिवचलें. लायन त्यांच्या तोंडावर थुंकला. त्याला सभागृहांतून घालवून द्यावें असा ठराव आला. ५२ मतें अनुकूल व ४४ प्रतिकूल पडलीं. पण अशा ठरावाला दोन-तृतीयांश मतें लागत असल्यामुळें लायन बचावला. तीन दिवसांनीं ग्रिस्वोल्ड यांनीं सभागृहांतच काठीनें त्याला झोडपलें, व लायननें शेगडीचा चिमटा उचलून प्रतिकार केला. दोघांचेंहि वर्तन निंद्य होतें. परंतु लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, वृत्तपत्रांनीं व व्यंगचित्रकारांनीं लायनचें नांव अमेरिकाभर हास्यास्पद करून सोडलें, आणि पुढें जो कायदा झाला त्याचा पहिला घाव याच हास्यास्पद ठरलेल्या मनुष्यावर पडला.

हा कायदा म्हणजे १४ जुलै १७९८ चा राजद्रोहाचा कायदा. फ्रान्सशीं युद्ध होईल अशी भीति त्या वेळीं देशांत पसरली होती, आणि भीतीच्या दिवसांत सरकारांना टीका नेहमींच फितुरीसारखी भासते. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटा व द्वेषबुद्धीचा मजकूर लिहिणें, छापणें अगर प्रसिद्ध करणें हा गुन्हा ठरला. त्याला २,००० डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद ठेवण्यांत आली. प्रतिनिधिगृहांत हा कायदा ४४ विरुद्ध ४१ अशा निसटत्या मतांनीं संमत झाला. उपाध्यक्षांस मात्र या कायद्याचें संरक्षण नव्हतें. कारण उपाध्यक्ष होते विरोधी पक्षाचे जेफर्सन. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ रोजीं, म्हणजे ॲडम्स यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस संपावयाची होती. कायदा देशाच्या रक्षणासाठीं होता कीं पक्षाच्या रक्षणासाठीं, हें या दोन गोष्टींवरून वाचकांनींच ठरवावें.

लायनवर मुख्य आरोप आला तो एका पत्राबद्दल. व्हर्मांटमधील एका वृत्तपत्रांत त्याच्यावर टीका आली होती. तिला उत्तर म्हणून त्यानें २० जून रोजीं, म्हणजे कायदा होण्यापूर्वीं, फिलाडेल्फियाहून पत्र लिहिलें. तें ३१ जुलैस, म्हणजे कायदा झाल्यावर, छापून आलें. त्यांत त्यानें म्हटलें होतें कीं, कारभाऱ्यांच्या हातून लोकहिताचा विचार मागें पडून सत्तेचा हव्यास, भपक्याची आवड व खुशामतीची भूक हीं पुढें येतील, तेव्हां आपण त्यांचा पाठीराखा होणार नाहीं. याशिवाय कवि जोएल बार्लो यांचें अध्यक्षांची थट्टा करणारें पत्र प्रसिद्ध केल्याचाहि आरोप होता. ऑक्टोबर १७९८ मध्यें रटलंड येथें न्यायमूर्ति विल्यम पॅटरसन यांच्यापुढें खटला चालला. हे गृहस्थ देशाच्या राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकीं एक होते.

कायद्याचे कैवारी म्हणत कीं, यांत आरोपीला आपलें लिहिणें खरें असल्याचें सिद्ध करून सुटण्याची मोकळीक ठेविली आहे. मग तक्रार कसली? खटल्यांत या मोकळिकीची किंमत दिसून आली. लायननें आपलें काम मुख्यतः स्वतःच चालविलें. हा कायदा घटनेच्या विरुद्ध आहे, असें त्यानें सांगितलें. न्यायमूर्तींनीं पंचांस त्या गोष्टीचा विचार करूं नये असें बजावलें. तेव्हां त्यानें खुद्द न्यायमूर्तींनाच विचारलें कीं, आपण अध्यक्षांच्या पंक्तीला जेवलां आहां, तेथें आपणांस भपका दिसला नाहीं काय? न्यायमूर्तींनीं उत्तर दिलें कीं, तेथें आपणांस साधेपणाच दिसला. येथेंच या कायद्याचें मर्म उघडें पडतें. धान्याचें वजन तराजूंत घालून दाखवितां येतें; कापडाची लांबी गजानें मोजून देतां येते. पण अमका मनुष्य सत्तेचा हव्यासी आहे, हें कोणत्या वजनानें तोलावयाचें? तें मत आहे. आणि मताला पुरावा मागणारा कायदा म्हणजे मत बाळगण्याला बंदी करणारा कायदा होय. पंचांनीं सुमारें तासाभरांत त्याला दोषी ठरविलें. चार महिने कैद, १,००० डॉलर दंड व ६० डॉलर ९६ सेंट खर्च, अशी शिक्षा झाली.

रटलंड येथें तुरुंग असतांहि त्याला ४० मैलांहून अधिक दूर व्हर्जेन्स येथें नेण्यांत आलें, आणि चोर व इतर गुन्हेगार ज्या खोलींत कोंडले जात तींतच ठेवण्यांत आलें. व्हर्मांटचा हिंवाळा; खिडकीला तावदान नाहीं; शेगडी नाहीं. डोंगरांतले त्याचे कांहीं जुने सोबती तुरुंग पाडून त्याला सोडविण्याच्या गोष्टी बोलूं लागले. ज्या मनुष्याला सभागृहांत राग आवरला नव्हता, त्यानें या प्रसंगीं त्यांना आवरलें व मतपेटीकडे बोट दाखविलें. आमच्या मतें त्याच्या आयुष्यांतली सर्वांत मोठी गोष्ट हीच. सप्टेंबरच्या निवडणुकींत कोणासहि निम्म्याहून अधिक मतें न मिळाल्यामुळें डिसेंबरांत फिरून मतें घ्यावयाचीं होतीं, आणि उमेदवार लायन तर कोठडींत. त्यानें तेथूनच पत्रें लिहिलीं. त्याचा मुलगा जेम्स यानें एक पाक्षिक काढून बापाची बाजू चालविली. मतें मोजलीं तों लायनला प्रतिस्पर्ध्याच्या जवळजवळ दुप्पट मतें पडलेलीं आढळलीं. सरकारनें ज्याला गुन्हेगार ठरविलें, त्यालाच मतदारांनीं आपला प्रतिनिधि ठरविलें.

हजारों लोकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन जॉन ऑग्डन नांवाचा एक पाद्री अध्यक्षांकडे गेला. पण स्वतः लायननें माफी मागितली नसल्यामुळें अध्यक्षांनीं तो नाकारला. चार महिने संपत आले, तरी दंड भरल्याशिवाय सुटका नव्हती. तेव्हां व्हर्जिनियाचे सेनेटर स्टीव्हन्स टॉमसन मेसन यांनीं मित्रमंडळींत वर्गणी जमवून सोन्याचीं नाणीं व्हर्मांटला पोंचविलीं. बेनिंग्टनचे मुद्रक अँथनी हॅसवेल यांनीं लायनच्या दंडासाठीं सोडतीची जाहिरात आपल्या पत्रांत छापली, आणि त्यांच्यावरहि खटला होऊन १८०० सालीं त्यांना दोन महिने कैद व २०० डॉलर दंड झाला. ९ फेब्रुवारी १७९९ रोजीं लायन सुटला. पुन्हां अटक होऊं नये म्हणून, आपण काँग्रेसच्या कामासाठीं निघालों आहों असें त्यानें दारांतच जाहीर केलें, आणि लोकांच्या जयघोषांत तो फिलाडेल्फियास पोंचला. शिक्षा झालेल्या इसमास सभागृहांत बसूं देऊं नये, असा ठराव पुन्हां आला. ४९ विरुद्ध ४५ मतें पडलीं. दोन-तृतीयांश याहि वेळीं झालीं नाहींत.

दोन वर्षांनीं काळानें मोठा योग जुळवून आणला. अध्यक्षपदाच्या निवडणुकींत जेफर्सन व बर यांना सारखीं मतें पडून निर्णय प्रतिनिधिगृहाकडे आला. तेथें एकेका संस्थानाला एकच मत. व्हर्मांटचे दोन प्रतिनिधि परस्परविरुद्ध असल्यानें त्याचें मत फुकट जात होतें. १७ फेब्रुवारी १८०१ रोजीं, ३६ व्या फेरीस, दुसरे प्रतिनिधि लुइस मॉरिस गैरहजर राहिले, आणि लायननें व्हर्मांटचें मत जेफर्सन यांस दिलें. मेरीलंडचेंहि मत वळलें, व जेफर्सन अध्यक्ष झाले. दुसऱ्याच महिन्यांत राजद्रोहाचा कायदा मुदत संपून मेला, आणि त्याखालीं शिक्षा झालेल्यांना नव्या अध्यक्षांनीं माफी दिली.

लायन यानंतर केंटकी प्रांतांत जाऊन राहिला. तेथील लोकांनींहि त्याला प्रथम आपल्या कायदेमंडळांत व मग १८०३ पासून १८११ पर्यंत काँग्रेसमध्यें पाठविलें. १८१० च्या निवडणुकींत तो पडला. १८१२ च्या युद्धाच्या वेळीं सरकारसाठीं नावा बांधण्याच्या धंद्यांत त्याचें दिवाळें निघालें. १८२० सालीं अध्यक्ष मन्रो यांनीं आर्कान्सा मुलखांत चेरोकी लोकांशीं होणाऱ्या सरकारी व्यापाराचें काम त्याजकडे दिलें. सत्तरी उलटल्यावरहि त्यानें तेथून काँग्रेसची निवडणूक लढविली. १ ऑगस्ट १८२२ रोजीं स्पाड्रा ब्लफ येथें त्याचें देहावसान झालें. ४ जुलै १८४० रोजीं काँग्रेसनें कायदा करून त्याच्या दंडाची रक्कम व्याजासह वारसांस परत केली. आणि १९६४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या एका मोठ्या निकालांत या परत केलेल्या दंडाचा दाखला देऊन, १७९८ चा तो कायदा इतिहासाच्या न्यायासनापुढें टिकला नाहीं, असें नमूद केलें.

या चरित्रापासून घ्यावयाचा बोध एकच आहे. बोलण्याच्या हक्काची परीक्षा सभ्य, कुलीन व गोड बोलणाऱ्या मनुष्याच्या ठिकाणीं होत नाहीं. त्याचें तोंड सहसा कोणी बंद करीत नाहीं. ज्याच्या कुळाची थट्टा होते, ज्याचे शब्द कानांस बोंचतात, ज्याच्यासाठीं रदबदली करतांना आपणांस संकोच वाटतो, अशाच मनुष्यापासून जुलमाला आरंभ होतो. कारण त्याच्या बाजूला कोणी उभें राहणार नाहीं असा सत्ताधाऱ्यांचा हिशेब असतो. व्हर्मांटच्या शेतकऱ्यांनीं व दुकानदारांनीं हा हिशेब चुकविला. त्यांनीं लायनच्या थुंकण्याचें समर्थन केलें नाहीं; त्याच्या पत्रांतला प्रत्येक शब्द त्यांना पसंत होता असेंहि नव्हे. आपल्या प्रतिनिधीचें तोंड बंद झालें तर उद्यां आपलें होईल, एवढें त्यांनीं ओळखलें, आणि कोणाची एक वीटहि न हलवितां, हिंवाळ्याच्या दिवसांत मतदानाच्या जागेपर्यंत चालत जाऊन त्यांनीं आपलें उत्तर दिलें. कोणी वर्गणी दिली, कोणी सही दिली, कोणी जाहिरात छापून कैद पत्करली. यांतलें कोणतेंहि काम सामान्य नागरिकाच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. ज्या समाजांतला व्यापारी आपल्या चोपडींतल्या चार आण्यांच्या चुकीसाठीं रात्र जागवितो, त्या समाजानें आपल्या शेजाऱ्याच्या हक्कांत झालेली तूटहि तितक्याच दक्षतेनें पाहण्यास शिकलें पाहिजे. तो शेजारी आवडता असो वा नावडता, तूट सर्वांच्याच खात्यांत पडत असते.